न उबलेली अंडी फोडून बघितली तेव्हा

लावे पाळणारा माणूस भेटला की दोन तक्रारी एका दमात सांगतो. अंडी कमी झालीत आणि उबवणीच्या मशीनमधून पिल्लं निघत नाहीत. एका दमात सांगितल्यामुळे दोन्हींना मिळून एकच औषध शोधलं जातं, आणि बहुतेक वेळा ते दुकानातली व्हिटॅमिनची बाटली असतं. माझ्या शेडमध्ये या दोन तक्रारींची मुळं अगदी वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. पिल्लांच्या तक्रारीच्या पोटात तर पुन्हा तीन निरनिराळे प्रकार होते. ते एकमेकांपासून सोडवता आले म्हणून पुढचं सगळं जमलं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, विट्याच्या अंगाला. पाऊस कमी, त्यामुळे दूध नाहीतर अंड्याच्या कोंबड्या हा इथला जुना जोडधंदा. थोरल्या भाऊजींचं लेअरचं शेड आहेच. शिमग्याच्या सुमाराला ओळखीतल्या एकाने लाव्यांचा धंदा आवरता घेतला. त्याचे तीन मजली पिंजरे, पक्षी आणि उबवणीचं लहान मशीन आम्ही घेतलं आणि ते सगळं माझ्याकडे आलं. माद्या तीनेकशे, नरही जवळजवळ तेवढेच. शंभर माद्यांमागे दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी. मशीनमध्ये शंभर अंडी लावली तर पिल्लं तिसाच्या घरात. चांगल्या कळपात भर काळात शंभर माद्या ऐंशीच्या आसपास अंडी देतात, त्या मानाने हे निम्मंच.

हे पक्षी रानातले लावे नव्हेत. ज्वारीच्या रानातून भुर्रकन उठणारा लावा वेगळा; त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तो पकडून आणणं गुन्हा आहे. ‘एखादा रानातला नर घाला, रक्त बदलेल,’ असा सल्ला मला एकदोघांनी दिला. तो कुणीही ऐकू नये. पिंजऱ्यातला जपानी लावा पिढ्यान् पिढ्या पाळलेला आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथे तो १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून आणला गेला आणि पुढे तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे वाण तयार केले. माणसाच्या हातात इतकी वर्षं राहिल्याने त्याची मादी खुडूक बसायचंही विसरली आहे. अंडं घालते आणि निघून जाते. म्हणजे पिल्लू हवं तर उबवण आपल्याकडेच. तिची सगळी जबाबदारीही आपलीच.

आधी अंड्यांचं सांगते, कारण ते लवकर सुटलं.

पहिल्या आठवड्यात मी एवढंच केलं की प्रत्येक मजल्याची अंडी वेगळी मोजली. वरच्या मजल्यावर शंभराला साठीच्या वर, मधल्यात चाळीसच्या आसपास, खालच्यात वीस-पंचवीस. पक्षी तेच, खाद्य तेच, पाणी तेच. फरक होता तो उजेडाचा. बल्ब छताला होते आणि वरच्या पिंजऱ्यांच्या विष्ठेच्या ट्रेची सावली खालच्या दोन्ही मजल्यांवर पडत होती. पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला वर्तमानपत्र धरून बघितलं, तर खालच्या मजल्यावर बातमी वाचता येत नव्हती.

लाव्याची मादी अंड्यावर येते ती दिवसाच्या लांबीमुळे. दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तर तिचं शरीर विणीचा हंगाम आहे असं मानतं. बारा तासांच्या खाली आला की अंडाशय आवरायला लागतो. पक्ष्यांना हा उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूच्या खोल भागातल्या पेशी ओळखतात, आणि याचा बराचसा अभ्यास जपानी लाव्यावरच झालेला आहे. त्या अभ्यासातली एक गोष्ट आमच्यासारख्या भारनियमनाच्या भागात फार कामाची. उजाडल्यानंतरच्या साधारण बाराव्या ते सोळाव्या तासात उजेड आहे की नाही, याला पक्ष्याचं शरीर सगळ्यात जास्त महत्त्व देतं. आमच्याकडे सहाला उजाडायचं, संध्याकाळी साडेसहाला अंधारायचं आणि नेमकी सात ते नऊ वीज जायची. म्हणजे जे तास मोलाचे तेच अंधारात. आधीचा मालक बल्ब लावत होता, बिलही भरत होता, पण पाखरांच्या लेखी दिवस लहानच राहत होता.

मग टायमर बसवला आणि पहाटे चारला दिवे लागतील असं केलं. पहाटे वीज असते. चारला दिवस सुरू झाला की संध्याकाळच्या नैसर्गिक उजेडातच चौदा तास भरत येतात; पुढचा दीड-दोन तास लहान इन्व्हर्टरवर निघतो. ही वाढ एकदम केली नाही, दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास पुढे नेली. पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये एलईडी पट्ट्या उभ्या लावल्या, त्यामुळे तिन्ही मजल्यांना सारखा उजेड मिळाला. उजेड भगभगीत नको. तो फार झाला की पाखरं एकमेकांना टोचतात. दाणा स्पष्ट दिसेल एवढा पुरे. आणि एकदा वाढवलेला उजेड मध्येच कमी करायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. महिन्याभरात खालचा मजला वरच्याच्या जवळ आला.

खाद्याचा प्रश्न त्याच्या जोडीनेच हातात घेतला. आलेल्या पक्ष्यांना ब्रॉयलरचं फिनिशर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेवटच्या टप्प्यातलं खाद्य, चालू होतं, कारण ते तालुक्याला सहज मिळतं. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं. ब्रॉयलरला तेवढं पुरतं, पण लाव्याच्या मादीला अंड्यावर असताना अडीच ते तीन टक्के लागतं. भाऊजींच्या शेडमधलं लेअर मॅश, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं खाद्य, घालून बघावं असं वाटणं साहजिक होतं. त्यात कॅल्शियम भरपूर, मात्र प्रथिनं सोळा-सतरा टक्के. लाव्याला वीस टक्के हवीत. ही मादी असते दीड-दोनशे ग्रॅमची आणि अंडं घालते दहा-अकरा ग्रॅमचं. शरीराच्या मानाने कोंबडीच्या दुप्पट भार ती रोज उचलते, तोही पंचवीस-तीस ग्रॅम खाद्यावर. त्या पंचवीस ग्रॅमात काही कमी राहिलं तर दुसरीकडून भरून काढायला तिच्याकडे जागा नसते. म्हणून मका, सोया पेंड, शिंपल्याचा चुरा, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), मेथिओनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं आणि प्रजननासाठीचं प्रीमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण, असं आम्ही घरीच मिसळायला लागलो. प्रीमिक्स घेताना त्यात ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम आहे ना, हे बघून घेते. ही दोन्ही नर-मादीच्या प्रजननासाठी लागतात. शिंपला अगदी पीठ केलेला घेत नाही, थोडा दाणेदार घेते. कवच घडतं रात्रभर, तेव्हा पोटात हळूहळू विरघळणारं कॅल्शियम असलं तर उपयोगी पडतं.

फिनिशर बंद करायचं आणखी एक कारण होतं. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्धची औषधं घातलेली असतात. त्यातलं निकार्बाझिन कोंबड्यांमध्ये अंडी घटवतं आणि उबवणही पाडतं, ही जुनी माहिती आहे. मांसाच्या पक्ष्याला ते चालतं, अंड्यावरच्या पक्ष्याला नाही. गोणीवरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचायची सवय तेव्हापासून लागली.

एवढ्यावर अंडी वाढली. कवच घट्ट झालं, फुटकी कमी झाली. पिल्लं मात्र होती तिथेच राहिली. शंभराला तीस, कधी पस्तीस.

न उबलेली अंडी सगळेच जण खड्ड्यात टाकतात. मी ती ओट्यावर घेतली. अठरा दिवस ३७.५ अंशांत राहिलेल्या अंड्यांचा वास सोपा नसतो, पण ज्याला पिल्लं वाढवायची आहेत त्याच्यासाठी हे काम दुसऱ्या कुठल्याही खर्चाच्या आधीचं आहे, असं मला मनापासून वाटतं. पांढऱ्या ताटलीत एकेक फोडायचं आणि तीन ढीग करायचे. पहिल्यात ज्यांच्यात काहीच वाढ दिसत नाही अशी कोरी अंडी. दुसऱ्यात रक्ताचं वलय किंवा लहानसा काळा ठिपका दिसतो आहे, म्हणजे जीव धरला पण पहिल्या तीन-चार दिवसांत गेला अशी. तिसऱ्यात पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू आत मेलेलं, काहींनी टोच मारून कवचाला भोकही पाडलेलं. लाव्याच्या कवचावर गडद ठिपके असल्यामुळे बॅटरीच्या उजेडात आतलं नीट कळत नाही. कोंबडीच्या अंड्यासारखं सातव्या दिवशी बघून बाजूला काढणं इथे अवघड. म्हणून फोडणं हाच खात्रीचा रस्ता.

कोरी अंडी सगळ्यात जास्त निघाली. लावलेल्या शंभरातली चाळीसच्या वर. सरळ अर्थ लागला असता की नर कामाचे नाहीत. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते, कारण पहिल्या दिवशीच मेलेला जीव अठरा दिवसांनी दिसतच नाही. तो कोऱ्या अंड्यांत जमा होतो. म्हणून त्याच पिंजऱ्यांतली ताजी, त्याच दिवसाची अंडी फोडली. पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो. अंडं फळलेलं नसेल, म्हणजे त्याला नराचं बीज मिळालं नसेल, तर तो लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडांचा दिसतो. फळलेलं असेल तर तो मोठा आणि मध्यभागी विरळ, भोवती बांगडीसारखं गोल वलय. पहिली दहा-बारा अंडी बघताना डोळा गोंधळतो. मग एकदम कळायला लागतं. भिंग असलं तर आणखी बरं. आणि ही अंडी वाया जात नाहीत, त्याच दिवशी घरात भुर्जी होते.

ताज्या अंड्यांत दहातली सात फळलेली होती. म्हणजे खरोखरची कोरी तीसच असायला हवीत. मशीनमधून आलेल्या ढिगात मात्र चाळीसच्या वर. मधला फरक होता तो फळूनही अगदी सुरुवातीलाच गेलेल्या अंड्यांचा. दुसरा ढीगही मोठा होता. दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगत होते: मशीनमध्ये जाण्याआधीच अंड्यांचं काहीतरी बिघडतंय.

ते काय, हे आत्तींनी शोधलं. एका संध्याकाळी शेडमध्ये पाणी बघायला गेल्या आणि येऊन म्हणाल्या, “आगं, ही तर दिवेलागणीला अंडी घालत्यात!”

आमच्या घरात अंडी म्हणजे कोंबडीची. कोंबडी सकाळी घालते, दुपारपर्यंत काम उरकतं. लाव्यांची अंडीही आधीचा मालक सकाळीच गोळा करायचा आणि तोच पायंडा चालत आला होता. पण लाव्याची मादी अंडं घालते दुपारनंतर, बहुतेक तीन ते आठच्या मध्ये. सकाळी आपण उचलतो ते अंडं तिथे रात्रभर पडून असतं. एप्रिलमधे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी पस्तीसच्या वर असतं आणि मध्यरात्रीपर्यंत नीट उतरत नाही. फळलेलं अंडं वीस-एकवीस अंशांच्या वर राहिलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो. पण उबवणीची पूर्ण ऊब नसते, म्हणून ती वाढ धड होत नाही. मग अंडी खोलीत साठतात, आठ-दहा दिवसांनी मशीन भरण्याएवढी झाली की लावली जातात. थोडं वाढून थांबलेलं, पुन्हा वाढलेलं, पुन्हा थांबलेलं, असं ते जीवन मशीनमध्ये पहिल्या दोन दिवसांतच संपतं. भाऊजींना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. “ह्या पाखरांचं घड्याळच निराळं दिसतंय,” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जुना फ्रिज दुरुस्त करून आणून दिला.

फ्रिज आहे तसा वापरता येत नाही. चार अंशांत फळलेलं अंडं टिकत नाही. बाहेरून वेगळा थर्मोस्टॅट जोडून तो सोळा अंशांवर ठेवला, आत पाण्याचं भांडं ठेवलं म्हणजे हवा कोरडी पडत नाही. अंडी आता दुपारी चार, सहा आणि रात्री आठ अशी उचलतो. पहाटे चारला दिवे लागत असल्यामुळे अंडी घालण्याची वेळही थोडी अलीकडे आली आहे, हा उजेड बदलल्याचा आणखी एक फायदा. उचलल्यावर सावलीत तासभर निवू द्यायची, मग टोकाची बाजू खाली करून ट्रेमध्ये आणि फ्रिजमध्ये. धुवायची नाहीत, घाण लागलेलं असलं तर ते अंडं खायच्या अंड्यांत. सात दिवसांच्या वर एकही उबवणीसाठी ठेवत नाही, आणि लावायच्या आधी काही तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ देते, नाहीतर गार अंड्याला मशीनमध्ये घाम सुटतो.

या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही. पुढच्या उबवणीपासून दुसरा ढीग जवळपास नाहीसा झाला आणि शंभराला पन्नासच्या वर पिल्लं निघाली. खर्च काय, तर एक थर्मोस्टॅट आणि आत्तींच्या संध्याकाळच्या फेऱ्या.

तिसऱ्या ढिगाचं, म्हणजे आत पूर्ण वाढून मेलेल्या पिल्लांचं फार लांबवत नाही. आमच्या मशीनमधलं थर्मामीटर अर्धा अंश कमी दाखवत होतं. डॉक्टरांकडच्या तापमापीशी ताडून बघितल्यावर कळलं. आणि शेवटच्या तीन दिवसांत ओलावा पुरत नव्हता. पंधराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद, तापमान ३७.२, ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर आणि हवेची झरोकी पूर्ण उघडी, असं ठेवलं की पिल्लं सतराव्या-अठराव्या दिवशी एकामागून एक बाहेर पडतात. मधेच झाकण उघडून बघायचा मोह आवरावा लागतो.

आता राहिले नर. ताज्या अंड्यांत दहातली तीन फळलेली नव्हती, तो भाग इथून पुढे सुरू होतो.

माद्यांइतकेच नर ठेवले तर जास्त अंडी फळतील, अशी सर्वांची समजूत आहे. पिंजऱ्यात हात घातला की तिचा परिणाम दिसतो. बऱ्याच माद्यांच्या डोक्यावर आणि मानेवर पिसंच नव्हती, काहींना जखमा होत्या. लाव्याचा नर मादीच्या मानेची पिसं चोचीत धरून वर चढतो. तिला एकाऐवजी चार नर दिवसभर धरत राहिले की ती कोपऱ्यात दबून बसते, खाद्यावर येत नाही, आणि नर एकमेकांना ढकलण्यात वेळ घालवतात. एका नरामागे दोन ते तीन माद्या हे प्रमाण मी आता धरते. तेही मोठ्या गोतावळ्यात नाही, एका कप्प्यात बारा-पंधरा पक्षीच. पिंजऱ्याची उंची फूटभराच्या आत असली तर बरं, कारण घाबरला की हा पक्षी सरळ वर उसळतो; जास्त उंची मिळाली तर वेग घेऊन डोकं आपटतो.

कुठला नर ठेवायचा हे ओळखायला लाव्यात एक सोय आहे, जी कोंबड्यांत नाही. नराच्या विष्ठाद्वाराच्या वर एक लालसर फुगीर ग्रंथी असते. ती हलकेच दाबली की पांढरा घट्ट फेस बाहेर येतो. नर जोरात असेल तर ग्रंथी मोठी आणि फेस भरपूर. वय झालं, उजेड कमी पडला किंवा आजारी असला तर ती आक्रसते. हा फेस मादीच्या अंगात जातो आणि अंडी फळायला मदत करतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नरांत कितीतरी जणांना फेसच नव्हता. उजेड वाढल्यावर त्यातले काही सुधारले. जे सुधारले नाहीत ते वर्षाच्या वरचे होते. एकेक नर हातात घेऊन तपासला, तिसरा हिस्सा ठेवला आणि बाकीचे बाजारात दिले. पिंजऱ्यांत एवढी शांतता झाली की महिन्यात माद्यांच्या माना भरून आल्या.

नर बदलताना दोन गोष्टी पाळते. नवा नर जुन्या कप्प्यात दिवसाढवळ्या सोडत नाही. तिथले नर त्याला फोडून काढतात. रात्री, सगळ्यांना मिळूनच स्वच्छ केलेल्या दुसऱ्या कप्प्यात हलवते, म्हणजे जागा कुणाचीच नसते. दुसरं, नर बदलल्यावर पहिला आठवडा अंडी उबवणीला घेत नाही. मादीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठून राहतात, पण लाव्यात ते आठवडाभरच, कोंबडीसारखे दोन-तीन आठवडे नाहीत. म्हणूनच नर काढून घेतला की लाव्याची अंडी फार झटकन कोरी यायला लागतात. नवं पिल्लू नेमक्या नव्या नराचंच हवं असेल तर मी दोन आठवडे थांबते.

आणि ज्या माद्यांची अंडी फक्त खायला विकायची आहेत, त्यांच्यात नर ठेवायचाच नाही. अंडं घालायला मादीला नर लागत नाही. हे पक्षी पाळणाऱ्यांनाही पटवून द्यावं लागतं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. वरचा पूर्ण मजला मी बिननराचा केला आहे आणि तिथल्या माद्या सगळ्यात निवांत घालतात.

थोडं विषयांतर, पण उपयोगाचं. प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी तिची स्वतःची असते आणि ती सहसा बदलत नाही. एकीचे मोठे तपकिरी डाग, दुसरीची बारीक शिंतोड्यांची. लहान कप्पा असला की पंधरा दिवसांत अंड्यावरून मादी ओळखू येते. कोण रोज घालते, कोण दिवसाआड, हे वही न उघडता समजतं. डाग कवचावर शेवटच्या काही तासांत चढतात. एखादं अंडं अचानक पांढुरकं, खडू फासल्यासारखं आलं तर त्या मादीने अंडं वेळेवर टाकलं नाही, काहीतरी घाबरलं किंवा दुखलं असं समजते. मांजर शेडच्या पत्र्यावर फिरलं त्या दिवशी अशी अंडी हमखास येतात.

पावसाळा आला तेव्हा उबवण पुन्हा थोडी घसरली. या वेळी मका. ओलसर मक्यावर बुरशी धरते, तिचं विष खाद्यात उतरतं, आणि अंडी व उबवण दोन्ही खाली येतात. डोळ्यांना दिसणारी बुरशी ही त्यातली थोडीच. जुलै-ऑगस्टमध्ये मी मका लागेल तेवढाच आणते, उन्हात कडकडीत वाळवून घेते आणि विष बांधून ठेवणारं टॉक्सिन बाइंडर घालते. गोण्या जमिनीवर ठेवत नाही, फळ्यांवर.

यातलं सगळ्यात सावकाश काम रक्ताचं. आलेला सगळा कळप एकाच घरच्या पक्ष्यांतून पिढ्यान् पिढ्या वाढवलेला होता, बाहेरचा नर कधी आलाच नव्हता. लाव्याला हे अजिबात सोसत नाही. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात एक प्रयोग झाला होता, त्यात सख्ख्या भावाबहिणींच्याच जोड्या लावत गेले तेव्हा तिसऱ्या पिढीपर्यंत सगळे वंश संपून गेले. कोंबडी यापेक्षा पुष्कळ सहन करते. नात्यातल्या जोड्यांचा परिणाम सुरुवातीला अंड्यात दिसत नाही. उबवणीत दिसतो, मग पिल्लांच्या मरतुकीत, मग फळण्यात. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या मुळाचे नर आणले. त्यांना पाच-सहा आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण रक्त आणताना रोग आणायचा नव्हता.

त्यानंतर कळपाचे चार गट केले. लाल, निळी, पिवळी, हिरवी अशी पायात प्लॅस्टिकची कडी. माद्या आयुष्यभर आपल्याच रंगाच्या गटात राहतात. पिल्लू आईच्या रंगाचं कडं घालतं. नर मात्र सरकतात: लाल गटात जन्मलेले नर निळ्यात, निळ्यातले पिवळ्यात, पिवळ्यातले हिरव्यात, हिरव्यातले पुन्हा लालमध्ये. दर पिढीला एकच घर पुढे. एवढ्याने भाऊ आणि बहीण एका पिंजऱ्यात येत नाहीत. यासाठी प्रत्येक गटाची अंडी मशीनमध्ये जाळीच्या वेगळ्या टोपलीत ठेवावी लागतात आणि पिल्लं बाहेर येताच कडी घालावी लागतात, पाय जाड होतील तशी ती बदलावीही लागतात. पुतण्या शाळेतून आला की हेच काम करतो आणि त्याच्याकडून चूक होत नाही.

प्रजननासाठी मी दहाव्या आठवड्यापासून तिसाव्या आठवड्यापर्यंतचेच पक्षी ठेवते. सहाव्या-सातव्या आठवड्यात अंडी सुरू होतात, पण सुरुवातीची लहान असतात आणि फळण्याचं प्रमाणही अजून बसलेलं नसतं. तिसाव्या आठवड्यानंतर माद्या खायच्या अंड्यांच्या मजल्यावर जातात. तिसऱ्या आठवड्यात छातीवरून नर-मादी ओळखता येतात, नराची छाती विटकरी आणि मादीची ठिपक्यांची. तेव्हाच जे नर भरदार आणि पायांनी सरळ आहेत ते बाजूला काढते. नुसत्या वजनावर निवडत नाही. जड नर दिसायला देखणा असतो, पण चढायला सुस्त.

हिवाळ्यात, पहिल्या दिवाळीनंतर, चारही गटांची पहिली पिढी अंड्यावर आली तेव्हा ताज्या दहा अंड्यांत नऊ फळलेली मिळायला लागली. लावलेल्या शंभरात सत्तरच्या आसपास पिल्लं. न उबलेली अंडी अजूनही दर खेपेला फोडते. ढीग लहान झालेत, पण कुठला ढीग वाढतोय यावरूनच पुढच्या आठवड्यात काय बघायचं ते ठरतं: कोरी वाढली तर नर आणि उजेड, सुरुवातीची मेली तर गोळा करणं आणि फ्रिज, शेवटची मेली तर मशीन.

उन्हाळ्याचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. पारा चाळीसच्या वर गेला की पाखरं चोची उघडून धापा टाकतात, खाद्य निम्म्यावर येतं, कवच पातळ होतं आणि नरांचा जोर आधी जातो. पत्र्यावर उसाचं पाचट आणि त्यावर तुषार, बाजूला ओली बारदानं, पहाटे चार ते सातमध्येच बहुतेक खाद्य, पाण्यात दुपारी इलेक्ट्रोलाइट, पाण्याची टाकी सावलीत. एवढं करून अंडी टिकतात, फळणं टिकत नाही. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या वळवापर्यंत मी उबवण बंद ठेवते. त्या काळातली सगळी अंडी विट्याच्या बाजारात जातात, मशीन धुऊन उन्हात ठेवलं जातं, आणि ज्यांनी पिल्लं सांगून ठेवलेली असतात त्यांना जुलैची तारीख देते.